श्वानांमधील जुनाट स्वादुपिंडदाह

श्वानांमधील जुनाट स्वादुपिंडदाह हा कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सातत्याने किंवा पुन्हा पुन्हा येणाऱ्या सुजेमुळे होणारा, हळूहळू वाढत जाणारा विकार आहे. यात ग्रंथीच्या पेशी नष्ट होऊन त्यांच्या जागी तंतुमय ऊती तयार होतात आणि हा बदल उलटवता येत नाही. विकार पूर्णपणे बरा करणारे औषध उपलब्ध नाही. वेदना, उलटी व निर्जलीकरण यांवर औषधोपचार केले जातात. परंतु दोन झटक्यांमधील काळ किती लांबेल, हे मुख्यत्वे कुत्र्याच्या आहारातील मेदाचे प्रमाण आणि खाऊ घालण्याची शिस्त यांवर ठरते.

स्वरूप

स्वादुपिंड जठराजवळ, लहान आतड्याच्या पहिल्या वळणालगत असते. इन्शुलिन रक्तात सोडणे आणि प्रथिने, कर्बोदके व मेद पचवणारी विकरे आतड्यात सोडणे ही त्याची दोन कामे. प्रथिने पचवणारे ट्रिप्सिन हे विकर ग्रंथीत निष्क्रिय रूपात साठवलेले असते व आतड्यात पोहोचल्यावर कार्यान्वित होते. स्वादुपिंडदाहात ते ग्रंथीच्या आतच कार्यान्वित होते आणि ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. तीव्र प्रकारात हे अचानक व मोठ्या प्रमाणावर घडते. जुनाट प्रकारात ते धुमसत राहते आणि अधूनमधून भडका उडतो.

बहुसंख्य कुत्र्यांत नेमके कारण सापडत नाही. लठ्ठपणा, रक्तातील ट्रायग्लिसराइडचे वाढलेले प्रमाण, थायरॉइडची न्यूनता, कुशिंग विकार आणि अपस्मारासाठी दिले जाणारे फिनोबार्बिटल किंवा पोटॅशियम ब्रोमाइड यांचा या विकाराशी संबंध आढळतो. मिनिएचर श्नाउझर जातीत ट्रायग्लिसराइड वाढण्याची प्रवृत्ती आनुवंशिक आहे. कॉकर स्पॅनियल, कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल, कोली व बॉक्सर या जातींत जुनाट प्रकार अधिक दिसतो. तथापि कोणत्याही जातीच्या अथवा गावठी कुत्र्यालाही तो होऊ शकतो. ब्रिटनमधील सर्वसाधारण पशुचिकित्सालयांत मरण पावलेल्या कुत्र्यांच्या शवविच्छेदनावर आधारित एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात तपासण्याजोग्या स्थितीतील सुमारे एक-तृतीयांश स्वादुपिंडांत जुनाट दाहाच्या खुणा आढळल्या. हयातीत निदान होणाऱ्या कुत्र्यांची संख्या याच्या तुलनेत बरीच कमी असते.

लक्षणे व निदान

लक्षणे सौम्य व फसवी असतात. कुत्रा एखादे दिवशी सकाळचे खाणे सोडतो, गवत खातो, पिवळसर पाणी ओकतो, दुसऱ्या दिवशी पूर्ववत होतो. पोटाला हात लावू न देणे, फिरायला जाण्यास टाळाटाळ, खाल्ल्यानंतर कोपऱ्यात जाऊन बसणे ही वेदनेची चिन्हे आहेत. पुढचे पाय जमिनीवर पसरून मागचा भाग उंच ठेवण्याची विशिष्ट बैठक काही कुत्रे घेतात. घरात याला पुष्कळदा ‘आळस देणे’ समजले जाते.

या लक्षणांपैकी खाण्याची निवड करणे हे सर्वाधिक गैरसमज निर्माण करणारे लक्षण आहे. कुत्रा नेहमीचे अन्न नाकारतो आणि पोळीवर तूप किंवा भातावर मटणाचा रस्सा घातला की खातो. घरातील माणसे त्याला चोखंदळ ठरवतात. प्रत्यक्षात भूक मंदावण्याचे कारण वेदना व मळमळ हे असते आणि मायेपोटी वाढवलेला मेद पुढच्या झटक्याला निमित्त होतो. झटक्यानंतर भूक आणखी मंदावते, मग आणखी चविष्ट अन्न दिले जाते, आणि हे चक्र चालू राहते. म्हणून निदान झालेल्या कुत्र्याने अन्न नाकारल्यास चव वाढवण्याऐवजी पशुवैद्यकाकडून वेदनाशामक व मळमळ थांबवणारी औषधे घेणे इष्ट ठरते. माणसांसाठीची आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके कुत्र्यांना घातक असतात.

निदानासाठी स्वादुपिंडातील लायपेजची विशिष्ट रक्तचाचणी वापरली जाते. तिच्या प्रचलित प्रकारात लिटरमागे २०० मायक्रोग्रॅमपर्यंतचे मूल्य सामान्य, तर ४०० व त्यापुढील मूल्य स्वादुपिंडदाहाशी सुसंगत मानतात. जुनाट प्रकारात, विशेषतः झटका नसताना, हे मूल्य सामान्यही येऊ शकते. त्यामुळे सोनोग्राफी, पूर्वेतिहास आणि आहार बदलल्यावर पडणारा फरक यांचाही विचार करावा लागतो. पेशीपरीक्षण हा सर्वांत खात्रीचा पुरावा असला तरी त्यासाठी शस्त्रक्रिया लागत असल्याने ते क्वचितच केले जाते.

मराठवाड्यात परभणी (स्थापना १९७२) व उदगीर (१९८७) येथे पशुवैद्यकीय शिक्षणाची शासकीय महाविद्यालये आहेत. दोन्ही नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत.

मेदाचे गणित

मेद किती कमी असावा, याविषयी सर्वमान्य एकच आकडा नाही. व्यवहारात १,००० किलोकॅलरीमागे सुमारे २० ग्रॅम किंवा त्याहून कमी मेद असलेले अन्न कमी मेदाचे समजले जाते. ट्रायग्लिसराइड वाढलेल्या कुत्र्यांसाठी मर्यादा आणखी खाली आणावी लागते.

कुत्र्याची विश्रांतीतील ऊर्जेची गरज वजनाच्या (किलोग्रॅममधील) ०.७५ व्या घाताला ७० ने गुणून काढतात. १० किलो वजनाच्या कुत्र्यासाठी ती सुमारे ३९४ किलोकॅलरी येते. घरात राहणाऱ्या, निर्बीजीकरण झालेल्या प्रौढ कुत्र्याला तिच्या साधारण दीडपट, म्हणजे ६०० किलोकॅलरीच्या आसपास अन्न पुरते. वरील मर्यादेनुसार त्याला दिवसभरात जास्तीत जास्त १२ ग्रॅम मेद चालतो.

एक चमचा तुपात सुमारे ५ ग्रॅम मेद असतो. म्हणजे दोन पोळ्यांना चोपडलेल्या एक चमचा तुपाने या कुत्र्याच्या दिवसाच्या मर्यादेचा दोन-पंचमांश भाग संपतो. म्हशीच्या दुधात साधारण ६ ते ७ टक्के मेद असतो; २०० मिलिलिटरचे एक भांडे दूध संपूर्ण दिवसाची मर्यादा गाठते. पनीरचा ५० ग्रॅमचा तुकडा जवळपास तेवढाच. माणसाच्या ताटात या मात्रा क्षुल्लक वाटतात. ‘थोडेसेच दिले’ हे विधान कुत्र्याच्या वजनाशी ताडून पाहावे लागते. खोबरेल तेल किंवा साजूक तूप ‘पचायला हलके’ असते या समजुतीने त्यांना या हिशेबातून सूट देता येत नाही.

तयार अन्नाच्या पिशवीवरील टक्केवारी जपून वाचावी लागते. तेथे मेदाचा आकडा बहुधा ‘किमान’ म्हणून छापलेला असतो. प्रत्यक्ष प्रमाण त्याहून जास्त असू शकते. शिवाय ओल्या व कोरड्या अन्नाची थेट तुलना होत नाही. ७८ टक्के पाणी व ४ टक्के मेद असलेल्या ओल्या अन्नात कोरड्या घटकांच्या हिशेबाने मेद १८ टक्के असतो. १० टक्के पाणी व १० टक्के मेद असलेल्या कोरड्या दाण्यांत तो ११ टक्के भरतो. याच दाण्यांच्या १०० ग्रॅममध्ये ३५० किलोकॅलरी असतील तर १,००० किलोकॅलरीमागे मेद २८ ग्रॅमहून अधिक होतो. म्हणजेच दुकानात सर्रास मिळणारे, निरोगी कुत्र्याला चालणारे साधे दाणेही या विकारात जड ठरू शकतात. रॉयल कॅनिन, हिल्स आदी कंपन्यांची कमी मेदाची उपचारात्मक अन्ने पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दिली जातात. ती महाग असतात आणि दीर्घकाळ परवडणे हा अनेक कुटुंबांपुढील खरा प्रश्न असतो.

घरचे अन्न

उकडलेले कोंबडीचे मांस व भात हा भारतीय घरांत पहिला पर्याय असतो. कातडी काढलेल्या, शिजवलेल्या छातीच्या १०० ग्रॅम मांसात सुमारे ३.५ ग्रॅम मेद असतो, १०० ग्रॅम भातात नाममात्र. वरील कुत्र्याला १२० ग्रॅम मांस व ३०० ग्रॅम भात दिल्यास जवळपास ५९० किलोकॅलरी आणि अवघा ५ ग्रॅमच्या आसपास मेद मिळतो. झटक्यानंतरच्या काही दिवसांसाठी हे योग्य आहे.

कायमचा आहार म्हणून मात्र ते अपुरे आहे. आफ्को या अमेरिकी संस्थेच्या मानकानुसार प्रौढ कुत्र्याच्या अन्नात १,००० किलोकॅलरीमागे किमान १३.८ ग्रॅम मेद व १.२५ ग्रॅम कॅल्शियम हवे. मांस-भाताच्या या जेवणातील कॅल्शियम गरजेच्या दहाव्या हिश्शाइतकेही नसते; लिनोलेइक आम्ल, जस्त, आयोडीन, ड व ई जीवनसत्त्वेही कमी पडतात. त्यामुळे घरचे अन्न महिनोन्‌महिने द्यायचे असल्यास पशुआहारतज्ज्ञाकडून पाककृती बांधून घेऊन पूरके मोजून घालावी लागतात. मेद कमी करणे आणि मेद काढून टाकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ज्वारीची भाकरी, साय काढलेल्या दुधाचे ताक, अंड्याचा पांढरा भाग, दुधी व लाल भोपळा हे मराठवाड्यातील स्वयंपाकघरात सहज असणारे कमी मेदाचे पदार्थ आहेत. अंड्यातील मेद जवळजवळ पूर्णपणे पिवळ्या बलकात असतो. कांदा व लसूण कुत्र्यांना विषारी असल्याने फोडणीचे वरण किंवा भाजीचा रस टाळावा लागतो. शिरा-खिरीतील मनुकेही धोकादायक असतात. बक्षीस म्हणून काकडी, गाजर, बिनमिठाचे मुरमुरे किंवा ज्वारीच्या लाह्या देता येतात. गोळी पेढ्यात किंवा लोण्यात दडवून देण्याची सवय मोडून भाताचा घट्ट गोळा वापरणे सोयीचे असते.

खाऊ घालण्याची पद्धत

एकदाच पोटभर देण्याऐवजी दिवसाचे अन्न तीन-चार लहान भागांत, ठरावीक वेळी देतात. अन्न वाटीने मोजण्यापेक्षा वजनकाट्यावर मोजलेले बरे. नवे अन्न सात ते दहा दिवसांत हळूहळू जुन्यात मिसळत आणतात. लठ्ठ कुत्र्याचे वजन उतरवणे हा उपचाराचाच भाग असतो.

झटका आल्यावर स्वादुपिंडाला विश्रांती मिळावी म्हणून कित्येक दिवस उपाशी ठेवण्याची पद्धत पूर्वी रूढ होती. आता ती मागे पडली आहे. दीर्घ उपासाने आतड्याचे अस्तर दुबळे होते. म्हणून उलटी आटोक्यात येताच कमी मेदाचे अन्न अल्प प्रमाणात सुरू करतात. वारंवार उलटी होत असलेल्या कुत्र्याला मात्र घरी बळेच भरवणे धोक्याचे असते. त्याला शिरेवाटे द्रव द्यावे लागतात.

छत्रपती संभाजीनगर परिसरात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते. उन्हात कुत्र्यांची भूक घटते व निर्जलीकरण लवकर होते, जे सुजलेल्या स्वादुपिंडाच्या रक्तपुरवठ्याला मारक आहे. या काळात मोठा वाटा पहाटे व सूर्यास्तानंतर देणे, ओले अन्न अर्ध्या तासात उचलणे आणि पाण्याची भांडी एकाहून अधिक ठिकाणी ठेवणे उपयुक्त ठरते.

घर व परिसर

पथ्य मोडते ते बहुधा कुत्र्याच्या भांड्याबाहेर. एकत्र कुटुंबात आजी सकाळी साय देते, मुले दुपारी बिस्किट देतात, स्वयंपाकाला येणाऱ्या बाई उरलेली पोळी घालतात, आणि प्रत्येकाला आपण एकट्यानेच दिले असे वाटते. दिवसाचे सर्व खाद्य सकाळीच एका डब्यात मोजून ठेवणे व ज्याला द्यायचे त्याने त्या डब्यातूनच देणे, हा यावरील साधा उपाय आहे. भिंतीवरील दिनदर्शिकेवर उलटी, नाकारलेले खाणे व पाहुण्यांनी दिलेला खाऊ यांची नोंद ठेवल्यास पशुवैद्यकाला झटक्याचे निमित्त शोधणे सोपे जाते.

सणांचे दिवस विशेष जोखमीचे असतात. पोळ्याची तुपातील पुरणपोळी, दिवाळीचा तळलेला फराळ, बकरी ईदच्या वेळी मिळणारी चरबी व हाडे, लग्नसराईतील उकिरडे या सर्वांतून एका वेळी खूप मेद पोटात जातो. संभाजीनगरची ओळख असलेल्या नान-खलियाच्या तर्रीत बुडवलेला नानचा तुकडा याच वर्गात मोडतो. बाहेर फिरवताना कुत्र्याला साखळीवर ठेवणे आवश्यक ठरते. गल्लीतल्या सामाईक कुत्र्याच्या बाबतीत, जिथे दहा घरे दहा प्रकारचे अन्न टाकतात, पथ्य जवळजवळ अशक्य असते. तेथे निदान एका घराने जबाबदारी घेतल्याशिवाय उपचार टिकत नाही.

गुंतागुंत

ग्रंथीचा मोठा भाग नष्ट झाल्यावर मधुमेह उद्भवू शकतो. तेव्हा वेळापत्रकाचा पेच निर्माण होतो: इन्शुलिन साधारणपणे दर बारा तासांनी, दोन मुख्य जेवणांबरोबर दिले जाते, तर स्वादुपिंडदाहासाठी अनेक लहान जेवणे हवी असतात. अशा वेळी इन्शुलिनच्या दोन वेळा पक्क्या ठेवून मधली जेवणे लहान करण्याची तडजोड पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली केली जाते. भूक नसलेल्या मधुमेही कुत्र्याला नेहमीची पूर्ण मात्रा देण्यापूर्वी त्याचा सल्ला घ्यावा लागतो, कारण रक्तशर्करा एकदम उतरू शकते.

विकरे तयार करणारा सुमारे ९० टक्के भाग गमावल्यावर पचनच थांबते. कुत्रा अधाशासारखा खातो, तरी वाळत जातो. विष्ठा फिकट, चिकट व भरपूर होते. यावर स्वादुपिंडाच्या विकरांची भुकटी प्रत्येक जेवणात मिसळून आयुष्यभर द्यावी लागते. कुत्र्यांत बी१२ जीवनसत्त्वाच्या शोषणासाठी लागणारा घटकही प्रामुख्याने स्वादुपिंडातच तयार होतो. त्यामुळे रक्तातील बी१२ तपासून ते इंजेक्शनाने किंवा तोंडावाटे पुरवतात.