ब्रीदरच्या वाटेवरचा डबा

जुनी जीप गॅरेजात आली की इंजिन चालू ठेवूनच मेकॅनिक तेल भरायचं झाकण सैल करतो आणि नुसतं भोकावर टेकवतो. झाकण जरासं थरथरलं तर चिंता नाही. धुराचे लोट येऊन ते उडायला लागलं, की निदान ठरलेलं : ‘रिंगा गेल्या.’

थोडा वायू मात्र कोऱ्या इंजिनातही गळतो. पिस्टनच्या रिंगा कितीही घट्ट असल्या तरी ज्वलनाच्या दाबाने काही वायू खाली क्रँककेसमध्ये उतरतो. हा ‘ब्लो-बाय’. त्यात न जळालेलं इंधन आणि पाण्याची वाफ असते. फिरत्या क्रँकने उडवलेला तेलाचा तुषारही त्यात मिसळतो. हा वायू कोंडला तर ऑइल सील गळू लागतात. पूर्वी ब्रीदर पाइपमधून तो थेट रस्त्यावर सोडत. १९६०च्या दशकात अमेरिकेत, आधी कॅलिफोर्नियात, ही वाट बंद झाली. पीसीव्ही व्हॉल्व्हमार्फत इनटेक मॅनिफोल्डमधली ओढ हा वायू खेचून घेते आणि तो पुन्हा सिलिंडरमध्ये जळतो.

अडचण तेलाच्या तुषाराची. तो इनटेकच्या नळ्यांत आणि टर्बो गाड्यांच्या इंटरकूलरमध्ये साचतो. साध्या पेट्रोल इंजिनात इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोलचा फवारा पडून तो धुतला जातो. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये फवारा थेट सिलिंडरमध्ये पडतो. मग व्हॉल्व्हवर काजळीचे थर चढतात.

इथे ऑइल कॅच कॅन कामी येतो. ब्रीदरच्या पाइपमध्ये बसवलेल्या या डब्यात वायूला आडपडद्यांमधून, जाळीतून वळणं घ्यावी लागतात. वायू वळतो, जड थेंब वळत नाहीत. ते जाळीवर आदळून एकत्र होतात आणि तळाशी उतरतात. भाताच्या पातेल्याच्या झाकणावर जशी वाफ जमते, तशी डब्याच्या गार भिंतीवर पाण्याची वाफही जमते. म्हणून डबा एक्झॉस्टच्या धगीपासून लांब हवा. जालन्याच्या उन्हाळ्यात हे विशेष जपावं.

गाडीचा वापरही बघावा. एक लिटर पेट्रोल जळताना जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं. जालन्यातल्याच मस्तगडच्या गल्ल्यांतून बाजारापर्यंत जाऊन परतणाऱ्या गाडीचं इंजिन नीट तापतच नाही. हिवाळ्यात तिच्या डब्यात दुधी, ताकासारखं पाणीमिश्रित तेल निघतं. तीच गाडी ‘समृद्धी’ महामार्गावर ताशी १२० किलोमीटरने पळाली, की ब्लो-बाय आणि तेलाचा तुषार दोन्ही वाढतात. त्यातच थ्रॉटल पूर्ण उघडला की मॅनिफोल्डची ओढ घटते आणि वायू उलट्या वाटेने एअर फिल्टरकडे सरकतो. त्यामुळे काही गाड्यांना दोन डबे लावतात.

साध्या, टर्बो नसलेल्या गाडीला या डब्याची सहसा गरज नसते. लावलाच तर त्याचा दुसरा पाइप इनटेकला जोडलेला हवा. हवेत उघडा सोडला, तर जुनं प्रदूषण परत सुरू. डबा वेळच्या वेळी रिकामा करावा, निघालेलं तेल गटारात ओतू नये. आणि तो आठवड्या-आठवड्याला भरायला लागला, तर मोठा डबा शोधण्याआधी कॉम्प्रेशन तपासून घ्यावं.