किती गेलं?

बाळ आईच्या छातीवर होतं, वार पडून गेली होती, जावई फोनवर व्हिडिओ काढण्यात गुंग होते. या सगळ्याकडे पाठ करून एक नर्स कोपऱ्यातल्या वजनकाट्यावर रक्तानं भिजलेले पॅड ठेवत होती. काट्याच्या अंगावर एक तक्ता चिकटवलेला: कोरा पॅड इतक्या ग्रॅमचा, टॉवेल इतक्या ग्रॅमचा, चादर इतक्या ग्रॅमची. भिजलेल्या वजनातून कोरं वजन वजा करायचं. एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलीटर. आलेला आकडा संगणकात टाकून ती पुन्हा खाटेशी आली आणि लेकीच्या बेंबीपाशी तळहात दाबून गर्भाची पिशवी चाचपू लागली.

बेळगावहून सनीव्हेलला आम्ही आलो ते लेकीच्या बाळंतपणासाठी. बॅगेत बाळंतशेपा आणि डिंक घेऊन आले होते. एल कामिनोवरच्या देशी दुकानात दोन्ही मिळतात हे इथे आल्यावर कळलं. बाळंतपणाला मात्र बहुतेक सनीव्हेलकर शेजारच्या गावांतल्या हॉस्पिटलांत जातात, तसे आम्हीही गेलो. दाखल करतानाच तिच्या नावापुढे रक्तस्रावाचा धोका ‘मध्यम’ असा शेरा पडला. कळा आपणहून येत नव्हत्या, पिटोसिनचं सलाईन लावावं लागणार होतं. ते दुसऱ्या दिवशीही चालूच राहिलं.

पिटोसिन म्हणजे प्रयोगशाळेत केलेलं ऑक्सिटोसिन, नऊ अमिनो आम्लांची छोटी साखळी. व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी ती १९५३ साली जोडून दाखवली आणि १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं. कळा आणायला हेच आणि बाळंतपणानंतर रक्त थांबवायलाही हेच. घोळ होतो तो इथेच.

एरवी जेमतेम साठ-सत्तर ग्रॅमची असलेली पिशवी दिवस भरेपर्यंत किलोभराची होते. नऊ महिने या स्नायूनं गप्प बसायचं असतं, म्हणून त्याच्या पेशी एकमेकींशी फारशा बोलत नाहीत. दिवस भरत आले की पेशी-पेशींमध्ये कनेक्झिन-४३ नावाच्या प्रथिनाच्या खिडक्या उघडतात, ऑक्सिटोसिन ओळखणारे ग्राहक वाढतात. मग एकीत उठलेला विजेचा इशारा शेजारणींपर्यंत पोचतो, पेशींत कॅल्शियम शिरतं आणि अख्खा स्नायू एकदम आवळतो. ती कळ.

पण पिशवीचं सर्वांत मोठं काम बाळ बाहेर आल्यावर सुरू होतं. अखेरच्या दिवसांत तिच्याकडे मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त वाहत असतं. वार सुटली की त्या जागच्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. त्या वाहिन्या स्नायूंच्या आडव्यातिडव्या धाग्यांच्या जाळीतून आलेल्या असतात. स्नायू आवळला की जाळी त्यांना चिमटते. रक्त गोठण्याआधीच वाट बंद. आणि स्नायू सैलच राहिला तर? बाळंतपणानंतरच्या जास्त रक्तस्रावात दहातल्या सुमारे सात बायकांच्या बाबतीत कारण हेच असतं.

तासन्‌तास पिटोसिन चालू राहिलं की ग्राहक कमी होत जातात. पेशी ऐकेनाशा होतात. मग ऐन गरजेला तेच औषध कमी लागू पडतं, म्हणून दुसऱ्या वाटेनं काम करणारी औषधं हाताशी ठेवायची. त्यातलं मेथर्जिन आपल्याकडच्या बहुतेक प्रसूतिगृहांच्या फ्रिजमध्ये असतं. पण ब्लडप्रेशर चढलेलं असेल तर ते द्यायचं नाही. दुसरं हेमाबेट, ते दम्याच्या बाईला नको. नर्सनं लेकीला दम्याबद्दल पुन्हा पुन्हा का विचारलं, ते मला तेव्हा उमगलं.

पहिला तासभर दर पंधरा मिनिटांनी नर्सचा हात लेकीच्या पोटावर येत होता. पिशवी हाताला आवळलेल्या मुठीसारखी लागली पाहिजे. मधे एकदा ती मऊ लागली. नर्स काही बोलली नाही, पण चोळण्याचा जोर वाढला, लेक कळवळली, रक्ताची एक मोठी गाठ बाहेर पडली आणि काट्यावर गेली. दाराशी लाल खणांची एक ढकलगाडी आणून ठेवली गेली. ती उघडावी लागली नाही.

या गाडीमागे एक इतिहास आहे. २००६ साली स्टॅनफर्डमध्ये, सनीव्हेलपासून जवळच, ‘कॅलिफोर्निया मॅटर्नल क्वालिटी केअर कोलॅबोरेटिव्ह’ सुरू झाली. २०१० मध्ये त्यांनी रक्तस्रावाची कार्यपद्धती राज्यातल्या हॉस्पिटलांना दिली: धोका आधी ठरवा, सामान एका गाडीत ठेवा, रक्त मोजा, किती गेल्यावर काय करायचं ते आधीच लिहून ठेवा. २००६ ते २०१३ या काळात राज्याचा मातामृत्यू दर निम्म्याहून खाली आला. श्रेय एकट्या वजनकाट्याचं नाही, पण काट्याशिवाय बाकीच्या पायऱ्या वेळेवर सुरूच होत नाहीत.

रात्री ताईला व्हिडिओ कॉल लावला. ताई खानापूर तालुक्यात एएनएम होती, आता निवृत्त आहे. बाळाचं नाक कुणावर गेलंय हे विचारण्याआधी तिचा प्रश्न, “किती गेलं गं?” जावयांनी आकडा वाचून दाखवला, चारशे बारा.

“अहो जावईबापू, लुगडी किती भिजली ते सांगा,” ताई हसत म्हणाली.

तिची सगळी नोकरी डोळ्याच्या अंदाजावर गेली. आणि डोळा फसवतो, हे जगाला आकड्यांत दाखवणाऱ्यांत आमचं बेळगाव होतं, हे इथल्या नर्सला सांगितलं तेव्हा तिनं मला गावाचं नाव दोनदा उच्चारायला लावलं. जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या मंडळींनी अमेरिकन सहकाऱ्यांबरोबर प्लास्टिकचा एक पडदा वापरात आणला. तो बाळंतिणीच्या कमरेखाली पसरायचा. खालचं टोक नरसाळ्यासारखं, त्यावर मापाच्या रेघा. २००६ साली छापून आलेल्या तुलनेत डोळ्याचा अंदाज पडद्यातल्या मापापेक्षा ३३ टक्क्यांनी कमी भरला. त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये बेळगाव भागातल्या १६२० बायकांचा अभ्यास आला. बाळंतपण करणाऱ्या ताईसारख्याच एएनएम, आणि औषध मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, ज्यांना सुई लागत नाही की फ्रिज लागत नाही. जास्त रक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला.

मला यातलं सर्वांत आवडतं ते हे, की डोळ्यावरचा विश्वास आमच्या बेळगावात तपासला गेला. रेघांचा पडदा पुढे आफ्रिकेतही कामाला आला. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ऐंशी हॉस्पिटलांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पडदा आणि ठरलेले उपचार एकत्र वापरले तिथे जास्त रक्तस्राव झालेल्या ९३ टक्के बायका ओळखल्या गेल्या. नेहमीच्या पद्धतीत ५१ टक्केच.

सिझेरियनला हा पडदा पुरत नाही. तिथे सक्शनच्या बाटलीत गर्भजल आणि रक्त एकत्रच येतं. गर्भजल ओढून झाल्यावर बाटलीवरची रेघ वाचायची, पोट धुण्याचं पाणी पडण्याआधी पुन्हा वाचायची. तेवढ्यात कुणी हाक मारली की हिशेब चुकला. ही वजाबाकी बहुतेक ठिकाणी अजून माणसालाच करावी लागते, असं ती नर्स पुढच्या पाळीच्या नर्सला काम सोपवता सोपवता म्हणाली, आणि दोघींनी मिळून लेकीच्या पोटावर पुन्हा एकदा हात ठेवला.