वादळाआधी काय खपते? वॉलमार्टचा डेटा सांगतो
वॉलमार्ट या अमेरिकी दुकानसाखळीत काउंटरवर स्कॅन होणाऱ्या प्रत्येक वस्तूची नोंद दुकान आणि वेळेसह मध्यवर्ती डेटाबेसमध्ये जाते. २००४ मध्ये फ्रान्सिस चक्रीवादळ फ्लोरिडाकडे सरकत असताना कंपनीच्या विश्लेषकांनी काही आठवड्यांपूर्वीच्या चार्ली वादळाच्या वेळची विक्री तपासली. टॉर्चची मागणी वाढणार, हे कोणीही सांगितले असते. विश्लेषणाचे खरे मोल अनपेक्षित गोष्टींत होते : वादळाआधी स्ट्रॉबेरी पॉप-टार्ट्स या पाकीटबंद गोड खाद्यपदार्थाचा खप नेहमीच्या सातपट होता आणि सर्वाधिक विकली गेली ती बिअर. पॉप-टार्ट्स टिकतात आणि वीज नसली तरी तसेच खाता येतात. लगोलग या दोन्ही वस्तूंनी भरलेले ट्रक वादळाच्या वाटेवरील दुकानांकडे निघाले. त्यातला बहुतेक माल भराभर संपला.