लघु डिजिटल प्रक्षेपक

लघु डिजिटल प्रक्षेपक हे संगणक, भ्रमणध्वनी किंवा तत्सम साधनातील चित्र भिंतीवर अथवा पडद्यावर मोठे करून दाखवणारे, एका हाताने उचलता येईल इतक्या आकाराचे प्रकाशीय यंत्र होय. व्यवहारात त्याला ‘मिनी प्रोजेक्टर’ असेच म्हणतात. प्रक्षेपक हा शब्द पाठ्यपुस्तकांबाहेर फारसा रुळलेला नाही. घरी चित्रपट पाहण्यासाठी या यंत्राचा वापर वाढला असला, तरी त्याच्या जाहिरातींतील आकडे आणि भिंतीवर प्रत्यक्ष दिसणारे चित्र यांत पुष्कळ अंतर असू शकते. मोठ्या शहरांत यंत्र चालवून पाहता येते. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात ग्राहकाला बहुधा छापील माहितीवरच विसंबावे लागते. त्यामुळे यंत्र घरी आल्यावर, परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी, त्याची चाचणी घेणे महत्त्वाचे ठरते.

पूर्वपीठिका

चित्र प्रकाशाच्या साहाय्याने मोठे करून दाखवण्याची कल्पना डिजिटल युगाच्या फार आधीची आहे. डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स यांनी १६५९ च्या सुमारास जादूच्या कंदिलाची रचना केली. महाराष्ट्रात या कंदिलाला स्वतंत्र कलारूप मिळाले ते कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांच्यामुळे. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली पौराणिक कथांची चित्रे निवेदन आणि संगीताच्या साथीने पडद्यावर दाखवणारा त्यांचा ‘शांभरिक खरोलिका’ हा खेळ १८९२ मध्ये सुरू झाला. ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी दाखवली गेली, त्याच्याही आधीची ही गोष्ट. या खेळाच्या काचपट्ट्या पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जतन करण्यात आल्या आहेत.

पुढे जत्रांमधील तंबू सिनेमाने प्रक्षेपक खेडोपाडी पोहोचवला. ही यंत्रे मणभर वजनाची होती. ती मालमोटारीत बसवून गावोगाव नेत. फिरत्या चित्रगृहांच्या उतरत्या काळावरील ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखवण्यात आला. रिळांच्या यंत्राची जागा डिजिटल प्रक्षेपकाने घेतल्यावर या व्यवसायाचे काय झाले, याचे चित्रण त्यात आहे.

रचना

प्रत्येक प्रक्षेपकात तीन मूलभूत भाग असतात: प्रकाशाचा उगम, चित्र घडवणारी चकती किंवा पटल, आणि चित्र मोठे करणारे भिंग. जुन्या यंत्रांत २०० ते ३०० वॅटचा दिवा असे. तो तापत असे आणि काही हजार तासांनी बदलावा लागे. लघु प्रक्षेपक शक्य झाले ते मुख्यतः प्रकाश-उत्सर्जक डायोडमुळे, म्हणजे एलईडीमुळे.

चित्र घडवण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. पहिलीत प्रकाश द्रव-स्फटिक पटलातून, म्हणजे एलसीडीतून आरपार जातो. दुसरीत तो अतिसूक्ष्म आरशांच्या चकतीवरून परावर्तित होतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी कंपनीतील लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये शोधलेल्या या चकतीवर लक्षावधी आरसे असतात आणि प्रत्येक आरसा एका सेकंदात हजारो वेळा कलतो. एका चकतीच्या यंत्रात लाल, हिरवा व निळा हे रंग एकामागून एक दाखवले जातात. नजर झटकन फिरवल्यास काही प्रेक्षकांना रंगांच्या कडा वेगळ्या झालेल्या दिसतात. स्वस्त यंत्रांत बहुधा एकच एलसीडी पटल असते. या यंत्रांचा प्रकाशमार्ग अनेकदा हवाबंद नसतो. पंख्याने ओढलेली धूळ पटलावर बसली की पडद्यावर धूसर डाग दिसू लागतात. फेब्रुवारी ते मे या कोरड्या महिन्यांत खानदेशात उडणारी धूळ पाहता हा दोष किरकोळ म्हणता येत नाही.

प्रकाशमान

प्रक्षेपकाने बाहेर टाकलेला एकूण प्रकाश ल्यूमेन या एककात मोजतात आणि पृष्ठभागावर प्रत्येक चौरस मीटरला पडणारा प्रकाश लक्समध्ये. मोजणीची प्रमाणित पद्धत साधी आहे. पूर्ण पांढऱ्या चित्राचे नऊ समान भाग करायचे, प्रत्येकाच्या मध्यावर लक्स मोजायचे, नऊ वाचनांची सरासरी काढायची आणि तिला चित्राच्या क्षेत्रफळाने गुणायचे. या रीतीने आलेल्या आकड्याला ‘ॲन्सी ल्यूमेन’ म्हणतात. खोक्यावर नुसते ‘ल्यूमेन’ असेल आणि आकडा हजारांत असेल, तर तो कोणत्या रीतीने काढला हे कळायला मार्ग नसतो. अनेकदा तो एलईडीचा उगमाजवळचा प्रकाश असतो. भिंगातून बाहेर पडेपर्यंत त्यातील फार थोडा उरतो.

हा फरक घरात किती जाणवतो, हे उदाहरणाने स्पष्ट होते. कर्णाची लांबी ६० इंच असलेल्या रुंद चित्राचे क्षेत्रफळ जवळजवळ १ चौरस मीटर असते; १०० इंचांच्या चित्राचे सुमारे २.७५ चौरस मीटर. म्हणून खरोखर २०० ल्यूमेन देणारे यंत्र पहिल्या चित्रावर सुमारे २०० लक्स, तर दुसऱ्यावर केवळ ७३ लक्स प्रकाश टाकते. चित्रपटगृहात पांढऱ्या पडद्याच्या उजळपणाचे प्रमाण प्रति चौरस मीटर ४८ कँडेला मानले जाते. साध्या पांढऱ्या पडद्यावर तेवढे तेज मिळवायचे असेल, तर या यंत्राचे चित्र सुमारे ७० इंचांहून मोठे करता येत नाही. ‘२०० इंचांपर्यंत’ ही जाहिरात भूमितीच्या दृष्टीने खोटी नसते. पाहण्याच्या दृष्टीने मात्र ती निरुपयोगी असते.

अंधाराचे महत्त्व

प्रक्षेपकाला काळा रंग दाखवता येत नाही. चित्रातील काळा भाग म्हणजे पडद्यावरील प्रकाश न पडलेला भाग. तो खोलीत जितका अंधार असेल तितकाच काळा दिसतो. ट्यूबलाइटचा १०० लक्स प्रकाश भिंतीवर पडत असताना वरील १०० इंचांच्या चित्रातील काळा भाग १०० लक्सचा आणि पांढरा १७३ लक्सचा होतो. पांढरा काळ्याच्या दुप्पटही उजळ राहत नाही आणि चित्र धुतल्या कापडासारखे दिसते. दिवा मालवताच तेच यंत्र वेगळे भासते. यंत्र बदलण्याआधी खोलीला पडदे लावावेत, हा सल्ला म्हणूनच योग्य आहे.

नंदुरबार जिल्ह्यात या दृष्टीने घराच्या आतल्या खोलीपेक्षा अंगण किंवा गच्ची अधिक सोयीची ठरते. पौर्णिमेच्या चांदण्याचा प्रकाश १ लक्सहूनही कमी असतो, त्यामुळे चित्राचे काही बिघडत नाही. जत्रेतील रात्रीच्या खेळाला तंबू लागे तो अंधारासाठी नव्हे, तिकिटासाठी. अडचण वेळेची असते. भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून हा जिल्हा सुमारे ८ अंश पश्चिमेस असल्यामुळे उन्हाळ्यात सूर्य सातनंतर मावळतो आणि आठच्या आधी चित्र नीट दिसत नाही. सहाला यंत्र लावून ‘दिसत नाही’ असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल.

राज्यातील जिल्हा परिषद शाळांत २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाच्या काळात लोकवर्गणीतूनही प्रक्षेपक आले. शाळा दिवसा भरते आणि वर्गाला खिडक्या असतात, म्हणून तेथे लागणारे यंत्र घरच्या यंत्रापेक्षा कितीतरी प्रखर असावे लागते. घरासाठी घेतलेले लहान यंत्र हौसेने शाळेला भेट दिल्यास मागच्या बाकावरील मुलांना त्याचा उपयोग होत नाही.

घरगुती चाचणी

पहिली चाचणी पृष्ठभागाची. चुन्यात नीळ घालून रंगवलेली भिंत पांढरी वाटली तरी चित्रातील त्वचेचा रंग निस्तेज करते; पिवळसर भिंत आकाश मळकट दाखवते. सुती चादरीतून प्रकाश आरपार जातो. तिच्या मागे गडद कापड लावल्यास पलीकडचे दृश्य डोकावत नाही. न लावल्यास मागच्या बाजूनेही चित्र दिसते, फक्त अक्षरे उलटी असतात.

दुसरी चाचणी सुस्पष्टतेची. यंत्र ‘१०८० स्वीकारते’ याचा अर्थ ते तेवढे बिंदू दाखवते असा नाही. अनेक स्वस्त यंत्रांच्या पटलावर ८५४ × ४८० बिंदू असतात, म्हणजे १९२० × १०८० च्या सुमारे एक पंचमांश. हे तपासण्यासाठी देवनागरी मजकुरासारखे साधन नाही. मराठी उपशीर्षके किंवा वृत्तपत्राचे पान दाखवावे आणि अनुस्वार, रफार व ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या ओळखू येतात का ते पाहावे. रोमन लिपीत ठीक वाटणारे यंत्र येथे अनेकदा उघडे पडते. ‘मद’ आणि ‘मंद’ यांत फरक दिसत नसेल, तर खोक्यावरील आकडा कितीही मोठा असो. अक्षरे मध्यभागी स्पष्ट आणि कोपऱ्यांत पसरट दिसत असतील, तर दोष भिंगाचा असतो.

यंत्र तिरके ठेवल्यास चित्राचा आयत विषम होतो. तो सरळ करण्याची स्वयंचलित सोय पटलावरील काही बिंदू वाया घालवते, म्हणून यंत्र शक्यतो पडद्यासमोर काटकोनात ठेवणे चांगले. अंतराचा हिशोब प्रक्षेप-गुणोत्तरावरून करतात. गुणोत्तर १.२ असल्यास १३३ सेंटिमीटर रुंद, म्हणजे ६० इंची, चित्रासाठी यंत्र सुमारे १६० सेंटिमीटर दूर ठेवावे लागते. बहुतेक लघु यंत्रांत हे गुणोत्तर बदलता येत नाही. खोलीची लांबी आधी मोजणे म्हणूनच आवश्यक आहे.

उरलेल्या बाबी सलग दोन-अडीच तास चित्रपट चालवल्यावरच कळतात. पंख्याचा आवाज शांत संवादांच्या वेळी त्रासदायक होतो. बिनतारी ध्वनिवर्धक जोडल्यास ओठांची हालचाल आणि आवाज यांत अंतर पडू शकते. तारेने जोडल्यास ते बहुधा नाहीसे होते. अनेक यंत्रांच्या माहितीपत्रकात वापराचे कमाल तापमान ३५ किंवा ४० अंश सेल्सिअस दिलेले असते. नंदुरबारच्या उन्हाळ्यात दुपारी हवाच त्याहून तापलेली असते. तशा वेळी यंत्र आपोआप मंद किंवा बंद होणे हा बिघाड नव्हे.

वीजवापर व कायदेशीर बाजू

६० वॅटचे यंत्र अडीच तासांत ०.१५ युनिट वीज वापरते. घरगुती इन्व्हर्टरवर ते सहज चालते, त्यामुळे वीजपुरवठा वारंवार खंडित होणाऱ्या सातपुड्यातील पाड्यांवरही त्याचा वापर शक्य आहे. अंतर्गत बॅटरीवर चालवताना मात्र बहुतेक यंत्रे प्रकाश कमी करतात. चाचणी दोन्ही प्रकारे घ्यावी लागते ती यासाठी.

कुटुंबीयांनी अंगणात चित्रपट पाहणे आणि तिकीट लावून गावाला दाखवणे यांत कायद्याने फरक आहे. दुसऱ्या प्रकारासाठी प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार हक्कधारकाची परवानगी आणि राज्याच्या १९५३ च्या चित्रपटगृह नियमन अधिनियमानुसार परवाना लागतो. खाजगी पाहण्यासाठी घेतलेल्या ऑनलाइन सेवेच्या वर्गणीत सार्वजनिक प्रदर्शनाचा हक्क समाविष्ट नसतो.