आंतरजालाचा कणा व घरगुती जोडणी : नांदगाव पेठच्या निमित्ताने

नांदगाव पेठ हे गाव अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर वसले आहे. गावाच्या परिसरात वस्त्रोद्योगाचे कारखाने असलेली औद्योगिक वसाहत आहे, तसेच १,३५० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक विद्युत्केंद्रही आहे. दळणवळणाची मोठी साधने ज्याच्या दारावरून जातात, अशा या गावाच्या संदर्भात एक प्रश्न विचारण्याजोगा आहे. आंतरजालाची, म्हणजेच इंटरनेटची, मुख्य वाहिनी अधिक समर्थ करावी, की घराघरांतील जोडणी प्रथम सुधारावी?

वऱ्हाडाला हा प्रश्न अगदी नवा नाही. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ साली वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचला; परंतु कापसाची थोर बाजारपेठ असलेले अमरावती शहर त्या मार्गाच्या बाजूलाच राहिले. बडनेऱ्यापासून अवघ्या काही मैलांची शाखा काढावी लागली, तेव्हा कोठे गाडी शहरात आली. खामगावच्या कापसासाठीही जलंबपासून अशीच शाखा १८७० मध्ये सुरू झाली. मुख्य मार्ग जवळून जाणे आणि त्याचा लाभ गावाला मिळणे या दोन भिन्न गोष्टी होत, हे त्या काळच्या व्यापाऱ्यांना अनुभवाने कळले होते.

आंतरजालाच्या मार्गाचे स्थूलमानाने तीन भाग पडतात. पहिला भाग समुद्रतळावरील तारा व महानगरांना जोडणाऱ्या प्रकाशतंतूंच्या वाहिन्या यांचा. यालाच पाठीच्या कण्याची उपमा दिली जाते. या वाहिन्या बहुधा महामार्गांच्या व लोहमार्गांच्या कडेने टाकलेल्या असतात. दुसरा भाग जिल्हा व तालुका ठिकाणापासून गावापर्यंतचा आणि तिसरा गावातील केंद्रापासून घरापर्यंतचा. कालवा, वितरिका व शेतचारी यांचा परस्परसंबंध ज्यास ठाऊक आहे, त्यास ही रचना समजण्यास अडचण पडू नये. शेतात येणारे पाणी शेवटी या तिहींपैकी सर्वांत अरुंद भागाच्या मापानेच येते.

कण्याचे महत्त्व कमी लेखून मात्र चालणार नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात आंतरजाल सर्वसामान्यांसाठी खुले झाले. त्यानंतर कित्येक वर्षे देशातील दोन सेवादात्यांमधील संदेशसुद्धा पुष्कळदा परदेशातून फिरून येत. ते देशातच देता-घेता यावेत म्हणून २००३ मध्ये राष्ट्रीय विनिमय केंद्राची स्थापना झाली. पुढे ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळावरील तारा तुटल्या आणि भारतातील दळणवळण मोठ्या प्रमाणावर विस्कळीत झाले. या घटनेवरून असे दिसते की कणा नुसता रुंद असून पुरत नाही. त्याला पर्यायी मार्गही हवा.

तथापि कण्याची वाढ व घरगुती जोडणीची वाढ यांच्या खर्चाचे स्वरूप मूलतः वेगळे आहे. प्रकाशतंतू एकदा जमिनीत पुरला की त्याच्या दोन टोकांवरील यंत्रे बदलून व एकाच तंतूतून निरनिराळ्या तरंगलांबीचे प्रकाशकिरण पाठवून त्याची क्षमता अनेकपट वाढविता येते. नवा चर खणावा लागत नाही आणि होणारा खर्च लक्षावधी ग्राहकांत विभागला जातो. घरापर्यंतच्या तारेचे तसे नाही. तेथे प्रत्येक घरासाठी खांब, तार, मजुरी व पुढील दुरुस्ती हा खर्च वेगळा करावा लागतो. घरे विरळ असली म्हणजे तो अधिकच वाढतो. म्हणूनच मुख्य वाहिनी व्यापाराच्या ओघाने आपोआप वाढत जाते आणि शेवटचा टप्पा मागे पडतो.

मधल्या टप्प्याचा विचार यापुढील. ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूने जोडण्याच्या योजनेस २०११ मध्ये मान्यता मिळाली. तीच पुढे 'भारतनेट' या नावाने ओळखली जाऊ लागली. प्रत्येक ग्रामपंचायतीस सेकंदाला किमान १०० मेगाबिट क्षमता मिळावी, अशी तीत योजना होती. आता समजा की एखाद्या गावात एवढीच क्षमता आहे आणि रात्री आठ वाजता चाळीस घरांत एकाच वेळी चलचित्रे पाहिली जात आहेत. प्रत्येक घरास ५ मेगाबिट लागले तरी एकूण मागणी २०० मेगाबिटांची होते. घरातली तार कितीही उत्तम असो, निम्मीच गरज भागेल. सारांश, घरगुती जोडण्या वाढविताना मधला टप्पाही वाढविला नाही, तर गैरसोय केवळ एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाते.

येथे शब्दयोजनेचाही प्रश्न उद्भवतो. 'गाव जोडले' या वाक्यात 'गाव' या शब्दाचा अर्थ काय घ्यावयाचा? सरकारी गणनेत तार ग्रामपंचायतीच्या कचेरीपर्यंत आली की गाव जोडलेले ठरते. बोलणाऱ्याच्या मनात मात्र गाव म्हणजे तेथील माणसे व त्यांची घरे असतात. 'ब्रॉडबँड' या संज्ञेचेही तसेच आहे. २००४ मध्ये सेकंदाला २५६ किलोबिट वेगाला हे नाव मिळत असे. २०२३ पासून त्यासाठी किमान २ मेगाबिट लागतात. शब्द तोच राहतो, माप बदलते. आणि पैसा कोठे खर्च व्हावयाचा हे मापावरून ठरते.

नांदगाव पेठसारख्या गावात हा भेद विशेष स्पष्ट होतो. मोठ्या कारखान्यास स्वतंत्र वाहिनी भाड्याने घेणे परवडते. गावठाणातील विद्यार्थ्याला किंवा पीकविम्याचा अर्ज भरणाऱ्या शेतकऱ्याला ती परवडत नाही. त्याची भिस्त भ्रमणध्वनीवर असते. २०२३ मध्ये मान्य झालेल्या सुधारित भारतनेट कार्यक्रमात ग्रामपंचायती वलयाकार जोडण्याचा, म्हणजे एक बाजू तुटली तरी दुसरी चालू राहील असा, आणि मागणीप्रमाणे घरगुती जोडण्या देण्याचा समावेश आहे. ही दिशा योग्य होय.

तेव्हा कणा की घर, या प्रश्नाला सर्वत्र लागू पडणारे एकच उत्तर नाही. ज्या गावी मार्गाचा जो भाग सर्वांत अरुंद असेल, तेथे प्रथम खर्च व्हावा. महामार्गावरील गावात तो भाग बहुधा गावाच्या आसपास व गावाच्या आतच सापडेल. तो शोधावयाचा तर कचेरीतील दुपारचा वेग मोजून भागणार नाही. गावठाणातील शेवटच्या घरात, रात्री आठ वाजता, तो मोजावा लागेल.