मातीने रंगविलेली काच

जेरुसलेमच्या जुन्या शहरातील सराफांच्या दुकानांत चांदीच्या कोंदणात बसविलेले जे निळसर-हिरवे तुकडे 'रोमन काच' म्हणून विकावयास ठेवलेले असतात, ते कोणत्याही खाणीतले रत्न नसून, खरे असतील तर, प्राचीन काळी कोणाच्या तरी घरी फुटलेल्या सुगंधी तेलाच्या कुपीचे वा पेल्याचे अवशेष होत.

फुंकणीने काचपात्रे घडविण्याची कला इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात याच पूर्व भूमध्य किनाऱ्यावर उदयास आली. याच किनाऱ्यावरील बेलस नदीच्या मुखाची वाळू आणि इजिप्तमधील वादी नत्रूनचा क्षार एकत्र वितळवून काच तयार होई, व वाळूतील लोहाच्या अंशामुळे तिला सहजच हिरवट निळी झाक येई. फुंकणीने काच इतकी स्वस्त झाली की, रोममध्ये तांब्याच्या एका नाण्याला पेला मिळतो, अशी नोंद ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने करून ठेविली आहे. कच्ची काच तर भडोच बंदरापर्यंत येत असे, आणि त्याच बंदराकडे आपल्या पैठणचा अकीक व तेरचे कापड गाड्यांतून जाई, असे 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवृत्तावरून दिसते.

परंतु आज ज्या रंगांसाठी हे तुकडे घेतले जातात, ते बहुधा कारागिराचे नव्हेतच. तुकडा उजेडाकडे किंचित कलता केला म्हणजे मोरपिसाप्रमाणे निळ्यातून जांभळा, जांभळ्यातून सोनेरी अशी छटा त्यावरून सरकत जाते. कारण शतकानुशतके जमिनीतील ओलाव्याने काचेतला क्षार झिरपून जाऊन पृष्ठभागी सिलिकाचे अतिसूक्ष्म पापुद्रे उरलेले असतात, आणि त्यांच्यावरून परावर्तित होणारे किरण परस्परांत मिसळून हे वर्ण उत्पन्न करतात. हा पापुद्रा इतका नाजूक असतो की नखानेही सुटतो. म्हणून जाणता सोनार केवळ कडा घासून तुकडा कोंदणात बसवितो, दर्शनी बाजूला जिल्हई देत नाही, आणि अत्तर व पाणी यांपासून दागिना जपावयास सांगतो.

या सौंदर्याला एक दुःखद बाजूही आहे. कोणत्या थरात, कोणत्या नाण्याशेजारी, कोणत्या चुलीजवळ तुकडा सापडला, यावरून त्या घराचा काळ व राहणी ठरविता येते. चोरून उकरलेल्या तुकड्याचा हा सारा दाखला कायमचा नष्ट होतो. इस्रायलच्या १९७८ च्या कायद्यान्वये, त्यानंतर सापडलेली, इसवी सन १७०० पूर्वीची मानवनिर्मित वस्तू सरकारच्या मालकीची ठरते, व पुराण वस्तूंचा व्यापार परवान्यावाचून करता येत नाही. तेव्हा असा दागिना घेणाऱ्याने किमतीची घासाघीस करण्याआधी दुकानदाराचा परवाना आणि त्या तुकड्याच्या उगमाचा लेखी दाखला मागावा, आणि तो न मिळाल्यास, रंग कितीही मोहक असला तरी, दागिना खुशाल परत करावा.