कमाईचे तास आणि अभ्यासाचे तास

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत पूर्णवेळ शिकणाऱ्या तरुणांपैकी कितीतरी जण शेवटचा तास संपताच कापड दुकानाच्या काउंटरवर, औषधांच्या दुकानात, खासगी शिकवणीत किंवा घरोघरी जेवण पोहोचवणाऱ्या दुचाकीवर रुजू होतात, आणि ही गोष्ट आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याकडे स्वतंत्र प्रश्न म्हणून फारसे पाहिले जात नाही. अशा विद्यार्थ्याने चांगले गुण मिळवले की त्याच्या जिद्दीचे कौतुक होते, आणि तो मागे पडला की त्याने अभ्यास मनावर घेतला नाही असे म्हटले जाते. जिद्दीचे मोल कोणी नाकारणार नाही. परंतु काम कोणते आहे, ते आठवड्यातले किती तास आणि दिवसाच्या कोणत्या प्रहरी करावे लागते, आणि महाविद्यालयाला त्या कामाची दखल आहे की नाही, यांवर निकालाचा मोठा भाग अवलंबून असतो, आणि या गोष्टी एकट्या विद्यार्थ्याच्या हाती क्वचितच असतात.

शिकणाऱ्याला कमवावे लागते हा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा सुरू केली, तेव्हा दिवसाचे काम सुटणार नाही हे गृहीत धरून शिक्षणाचीच वेळ बदलली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले, त्यातही नोकरी करणाऱ्यांना कचेरी गाठण्यापूर्वी शिकता यावे म्हणून सकाळच्या वर्गांची सोय ठेवली होती. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी याच प्रश्नाची उकल दुसऱ्या बाजूने केली. १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले, जे पुढे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस या नावाने ओळखले गेले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, पाळीपाळीने स्वयंपाक करत आणि शेतीत राबून आपल्या शिक्षणाचा भार उचलत. तरीही खर्चाचा मेळ बसेना, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. १९४० साली सुरू झालेले महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ साली सुरू झालेले छत्रपती शिवाजी कॉलेज या दोन्ही संस्थांना ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वाचाच आधार होता. याच परंपरेत शिकलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

या योजनेकडे आज बहुधा श्रमप्रतिष्ठेचा संस्कार म्हणून पाहिले जाते, आणि ते योग्यही आहे. पण तिची व्यावहारिक बाजू अधिक विचारात घेण्याजोगी आहे. काम राहत्या जागेजवळ होते, त्यामुळे येण्या-जाण्यात वेळ जात नव्हता. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कामाचे व अभ्यासाचे वेळापत्रक एकाच हाताने आखले जात होते. आज दुकानाचा मालक एक वेळापत्रक आखतो, महाविद्यालय दुसरे, आणि दोघांनाही एकमेकांची कल्पना नसते. त्या दोहोंची सांगड घालण्याचे काम अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलावर किंवा मुलीवर येऊन पडते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आणि संलग्न महाविद्यालयांत कर्मवीरांच्या नावाची ‘कमवा व शिका’ योजना अजूनही चालते, आणि तिच्यात विद्यार्थी ग्रंथालय, कार्यालय, प्रयोगशाळा किंवा बाग येथे दिवसाचे दोन-तीन तास काम करून तासांच्या हिशेबाने मानधन मिळवतात. रक्कम मोठी नसते. तथापि काम आवारातच असल्याने तास बुडत नाहीत, परीक्षा कधी आहे हे काम देणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही, आणि ग्रंथालयात पुस्तके लावणारा विद्यार्थी आपल्या विषयाच्या कपाटाशी आपसूक परिचित होतो.

आवाराबाहेर नोकरी करणाऱ्याला मात्र हा मेळ स्वतःच घालावा लागतो, आणि त्यासाठी पूर्णवेळ शिक्षण म्हणजे नेमके किती तास, हे आधी समजून घेणे भाग आहे. सध्याच्या पदवी अभ्यासक्रमांत प्रत्येक विषयाला ठरावीक श्रेयांक असतात. श्रेयांक, म्हणजे विद्यार्थ्यांच्या तोंडी असलेले ‘क्रेडिट’, हे त्या विषयासाठी अपेक्षित असलेल्या अध्ययनाचे माप आहे. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार वर्षभराचे अध्ययन १२०० तासांचे आणि ४० श्रेयांकांचे धरले जाते, म्हणजे एका श्रेयांकामागे ३० तास येतात, आणि त्यांत वर्गातील तास, प्रात्यक्षिके व घरचा अभ्यास हे सारे मोजलेले असते. २० श्रेयांकांचे एक सत्र साधारण १५ आठवडे चालते असे मानले, तर आठवड्याला सुमारे ४० तास शिक्षणासाठी लागतात. आठवड्याचे एकूण तास १६८. त्यांतून रोजची सात तासांची झोप वजा केली की ११९ उरतात, आणि शिक्षणाचे ४० गेले की ७९. प्रवास, जेवण, अंघोळ, कपडे धुणे आणि घरची किरकोळ कामे यांत दिवसाला साडेचार तास जातात असे धरले, तर हाती साधारण ४७ तास राहतात.

महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापनांसाठीच्या २०१७ च्या कायद्याने कामाची मर्यादा आठवड्याला ४८ तास ठरवली आहे. म्हणजे पूर्णवेळ शिक्षण आणि पूर्णवेळ नोकरी कागदावर एकमेकांत जेमतेम बसतात, पण त्या बसण्यात आजारपणाला, घरातल्या लग्नकार्याला, पंक्चर झालेल्या चाकाला किंवा रविवारच्या दोन निवांत तासांना जागा राहत नाही. शिवाय सगळे तास सारख्या मोलाचे नसतात. आठ तास उभे राहून घरी आलेल्या माणसाचा रात्री साडेअकराचा तास आणि सकाळी सहाचा तास हिशेबात एकच भरत असले, तरी सांख्यिकीची उदाहरणे सोडवताना त्यांतला फरक लगेच कळतो. परदेशांत विद्यार्थ्यांच्या कामाच्या तासांवर ज्या मर्यादा आहेत, त्या याच संदर्भात बोलक्या ठरतात. अमेरिकेत विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांना सत्र चालू असताना आवारात आठवड्याला २० तासच काम करता येते, ब्रिटनमध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीही हीच मर्यादा आहे, कॅनडाने २०२४ पासून आवाराबाहेरील कामासाठी २४ तासांची, तर ऑस्ट्रेलियाने २०२३ पासून पंधरवड्याला ४८ तासांची मर्यादा लागू केली आहे. पुण्या-नागपुरातून तिकडे गेलेल्या मुलांना ही मर्यादा अनेकदा जाचक वाटते, आणि तिच्यामागे त्या देशांच्या रोजगारधोरणाचा भाग आहेच. परंतु वरच्या हिशेबात ४७ मधून २० वजा केल्यावर उरणारे २७ तास हेच अभ्यासाला खऱ्या अर्थाने आधार देणारे तास आहेत. आपल्याकडे अशी मर्यादा घालणारे कोणी नाही, म्हणून ती विद्यार्थ्याने स्वतः घालावी लागते, आणि वीस तासांच्या आसपासचा आकडा त्यासाठी समंजस वाटतो.

घरची कामे वर ‘किरकोळ’ म्हणून मोजली, तेथे थोडे थांबायला हवे. अनेक विद्यार्थिनींच्या बाबतीत सकाळचा डबा, संध्याकाळचा स्वयंपाक, भांडी आणि धाकट्या भावंडांचा अभ्यास ही कामे दिवसाला तीन-चार तास सहज घेतात, आणि त्यांना ना पगार असतो ना सुटी. दुकानात चार तास काम करणारी मुलगी आणि तेवढेच तास काम करणारा तिचा वर्गमित्र यांची तुलना करताना ही तिसरी पाळी कोणी धरत नाही. घरच्यांनी मुलीच्या कमाईचा अभिमान बाळगायचा आणि ओट्यापाशी मात्र तिचीच वाट पाहायची, हा अन्याय आहे, आणि तो दूर करण्यासाठी कोणत्याही योजनेची वाट पाहावी लागत नाही.

तासांच्या संख्येइतकाच कामाचा प्रकारही महत्त्वाचा आहे. पहाटे पेपरची लाइन टाकणारा मुलगा सातपर्यंत मोकळा होतो, आणि तो रात्री लवकर झोपू शकत असेल तर त्याचा दिवस अभ्यासाला शाबूत राहतो. लहान वर्गांच्या शिकवण्या घेणाऱ्याला शिकवण्याच्या निमित्ताने स्वतःचा पाया पक्का करता येतो. ॲपवरून घरपोच सेवा देण्याचे काम दिसायला सर्वांत मोकळे, कारण केव्हा सुरू करायचे आणि केव्हा थांबायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. परंतु जास्तीची कमाई दुपारच्या व रात्रीच्या जेवणाच्या वेळांत एकवटलेली असते, आणि आणखी चार फेऱ्या मारल्या की वाढीव रक्कम मिळेल या आशेने दहाला संपवायचे काम बारापर्यंत लांबते. रात्रपाळी मात्र पूर्णवेळ विद्यार्थ्याने शक्यतो टाळावी, कारण दिवसा शिकलेले मनात पक्के होण्याची प्रक्रिया झोपेत चालते, आणि दिवसाची तुटक झोप ती उणीव सहसा भरून काढत नाही.

आता गुणांविषयी. सत्राअखेरची सरासरी, म्हणजे श्रेणीबिंदूंची सरासरी, ही श्रेयांकांनी भारित असते. चार श्रेयांकांच्या विषयातील यश किंवा अपयश दोन श्रेयांकांच्या विषयापेक्षा दुप्पट वजनाचे ठरते, आणि वेळ अपुरा असणाऱ्याने तो कोठे घालायचा याचा निर्णय या भारावरून घ्यायला हवा. याहून अधिक दुर्लक्षित राहणारी बाब अंतर्गत मूल्यमापनाची आहे. अनेक विद्यापीठांत विषयाचे ३० किंवा ४० टक्के गुण वर्षभरातील चाचण्या, जर्नल, सादरीकरण आणि उपस्थिती यांसाठी राखलेले असतात. बुद्धीपेक्षा नियमितपणावर मिळणारे हे गुण सर्वांत सोपे असतात, आणि नोकरी करणारा विद्यार्थी नेमके हेच गमावतो. चाचणीच्या दिवशी दुकानातून सुटी मिळत नाही, सबमिशनची तारीख वर्गात तोंडी सांगितली जाते तेव्हा तो वर्गात नसतो, आणि ७५ टक्के उपस्थितीच्या नियमामुळे डिफॉल्टर लिस्टवर त्याचे नाव लागते. मग लेखी परीक्षेत ७० पैकी ५० गुण मिळवूनही त्याची श्रेणी घसरते. विषय राहिला तर एटीकेटी, म्हणजे राहिलेला विषय सोबत घेऊन पुढच्या वर्गात जाण्याची मुभा, मिळते खरी. पण तो विषय पुढच्या सत्राच्या तासांत आपला वाटा मागतो, आणि ज्याच्याजवळ तास आधीच कमी आहेत त्याला ही मुभा महाग पडते.

अभ्यासाच्या पद्धतीबाबत मानसशास्त्राने दिलेले एक ज्ञान अशा विद्यार्थ्याला विशेष उपयोगी आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दाखवले की शिकलेल्या मजकुराचे विस्मरण पहिल्या काही तासांतच सर्वाधिक वेगाने होते आणि नंतर मंदावते. २००६ साली अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिकी या संशोधकांना असे आढळले की मजकूर पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे असतात, परंतु आठवड्यानंतर तो मजकूर पुस्तक मिटून आठवून पाहणाऱ्यांनाच अधिक लक्षात राहिलेला असतो. याचा अर्थ असा की सकाळच्या तासाला शिकवलेला भाग त्याच दिवशी लोकलमध्ये किंवा एसटीत, वही न उघडता, पंधरा-वीस मिनिटे आठवून पाहणे आणि मग अडलेले तेवढेच वहीत शोधणे, हे परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या जागरणापेक्षा कितीतरी फलदायी ठरते.

ज्या घराला विद्यार्थ्याच्या पूर्ण पगाराची गरज आहे, तेथे मात्र वीस तासांचा सल्ला अपुरा आहे हे मान्य करायला हवे. अशा वेळी नियमित महाविद्यालयात नाव ठेवून हजेरीपटावर नावापुरते राहण्यापेक्षा नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (स्थापना १९८९) किंवा इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (स्थापना १९८५) यांचा मार्ग प्रामाणिक आणि शहाणपणाचा आहे. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नियमित पदवीशी समकक्ष मानली जाते, आणि ती कमी दर्जाची समजण्याची रूढ वृत्ती टाकून द्यायला हवी. त्याचबरोबर जास्तीचे तास पत्करण्यापूर्वी महाडीबीटी संकेतस्थळावरील राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, तसेच समाजकल्याण विभागाची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना यांची पात्रता तपासून पाहावी. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते जमवण्यात तहसील कार्यालयाच्या चार खेपा होतात, म्हणून अनेकजण हा अर्जच टाळतात. वस्तुतः त्या चार खेपांतून मिळणारी रक्कम काउंटरवरच्या कित्येक आठवड्यांच्या कमाईइतकी असू शकते.

आणखी एक अडचण अशी की तिच्याकडे सहसा कोणी बोट दाखवत नाही. पहिल्या सत्राच्या परीक्षा बहुधा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे येतात, आणि कापड, मिठाई, कुरिअर या व्यवसायांत कामाची सर्वाधिक गर्दी त्याच दिवसांत असते. दुसऱ्या सत्राच्या परीक्षा मार्च ते मे या काळात येतात, तेव्हा लग्नसराई सुरू असते आणि केटरिंग, मंडप, छायाचित्रण यांतली कामे हाताला येतात. मालकाला सर्वाधिक माणसे लागतात त्याच आठवड्यांत विद्यार्थ्याला सर्वाधिक सुटी लागते. म्हणून परीक्षेच्या आठवड्यातील सुटीची बोलणी ऑक्टोबरमध्ये न करता जूनमध्ये, काम धरतानाच करावी, आणि तिच्या बदल्यात गणपती किंवा नाताळच्या दिवसांत जास्तीचे तास देण्याची तयारी दाखवावी. माणूस टिकावा अशी इच्छा असलेले दुकानदार अशी अट बहुधा मान्य करतात. त्यासाठी महाविद्यालयांनी अंतर्गत चाचण्यांच्या आणि सबमिशनच्या तारखा सत्राच्या पहिल्याच आठवड्यात लेखी जाहीर करायला हव्यात, आणि कामाचे पत्र दाखवणाऱ्या विद्यार्थ्यासाठी चुकलेल्या चाचणीची एक फेरसंधी ठेवायला हवी. या दोन्ही गोष्टींना निधी लागत नाही, विद्यापीठाची परवानगीही सहसा लागत नाही, आणि प्राचार्यांनी ठरवले तर येत्या सत्रापासून त्या सुरू करता येतील.